ढगळ जोडा

एका राज्यात राजा विक्रांतसेन पायांकडून गोठत चालला होता. कराळमुख नावाच्या मांत्रिकाने त्याच्या अंगातली ऊब एका लाल मण्यात कोंडली आणि तो मणी रुपेरी सांबराच्या शिंगाला टांगून सांबर हिमाच्या डोंगरावर सोडून दिले. बर्फ राजाच्या गुडघ्यांवर आला होता. छातीला भिडला की राजा संपला. दरबारातली मैना म्हणाली, "सांबर तीनच सकाळी पाणवठ्यावर येईल. पाऊल वाजले की पळेल."

राजकन्या सुलेखा मोठी नेमबाज! धनुष्य घेऊन एकटीच निघाली. राजघराण्याची रीत अशी, की जोडा इतका घट्ट हवा, पायाशेजारी करंगळीही शिरता कामा नये. पहिल्या दिवशी तिने त्या घट्ट जोड्यात तीन लोकरी मोजे कोंबले. घटकाभरात पाय बधिर! न राहवून तिने ते आपटले आणि सांबर पसार झाले. दुसऱ्या दिवशी जोडे शेगडीवर शेकून घातले. चढताना पायांना घाम फुटला, बसल्यावर त्याचाच बर्फ झाला. सांबर पुन्हा निसटले. राजा आता कमरेपर्यंत गोठला होता. सुलेखा ओक्साबोक्शी रडली.

पायथ्याशी भिवरा नावाची म्हातारी शिकारीण राहत असे. तिने राजकन्येचे पाय मांडीवर घेतले.

"मोजे वाढवलेत ताईसाहेब, जागा नाही वाढवलीत. बोटं हलली तर ऊब राहते."

तिने आपल्या जोड्यात सुके गवत पसरून तो सुलेखाच्या पायांत चढवला.

"हा तर ढगळ आहे, आजी!"

"वाड्यात ढगळ. इथं बेताचा." मग म्हातारीने कोरडे मोजे सुलेखाच्या कमरेला बांधले. "वर पोचलात, पाय पुसलेत, की हे घाला."

तिसऱ्या सकाळी सुलेखा प्रहरभर जागची हलली नाही. आत बोटे तेवढी वळवळत होती. काय त्या म्हातारीची अक्कल! साऱ्या दरबाराला मूठभर गवत सुचले नव्हते. सांबर आले, पाण्याला वाकले. बाण सुटला, मणी तुटून पडला आणि सांबर साधे तपकिरी होऊन रानात गेले.

वाड्यात परतून सुलेखाने मणी राजाच्या छातीला टेकवताच त्याच्या अंगावरचा बर्फ वितळला, तिकडे कराळमुख आपले मंत्र विसरला. राजा फरशीवर उभा राहिला आणि पटकन पाय उचलत ओरडला,

"अगं पोरी, गार लागतंय!"

सुलेखाचा जीव भांड्यात पडला. तसाच तुमचा-आमचाही पडो.