भुरीनं पुरं केलेलं वाक्य

कोंबड्यांना माणसांचं बोलणं कळायचं, त्या काळातली गोष्ट. यमुनाकाकू कुंपणापाशी शेजारणीला सांगत होत्या, "रविवारी कात्री आणते आणि त्या कबरी कोंबडीची..." तेवढ्यात वाऱ्यानं दार आपटलं आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

उरलेलं भुरी कोंबडीनं पुरं केलं. "मान कापणार. आम्ही सगळ्या अंड्यावर आलो, हिच्या पहिल्या अंड्याचा अजून पत्ता नाही."

"कात्रीनं?" कबरीनं घाबरून विचारलं.

"तुझी मान बारीकच आहे गं."

त्या दिवसापासून कबरीच्या घशाखाली दाणा उतरेना. ती खुराड्यात नुसती कुंथत बसायची, आणि तिच्या वाट्याची कणी भुरी टिपायची. "जाणारीचं अन्न वाया कशाला घालवायचं?"

रविवारी काकू खरंच कात्री घेऊन आल्या. त्यांनी काखेत धरताच कबरीनं डोळे मिटले. कचकच आवाज झाला आणि एका पंखाची पिसं खाली पडली.

"आता उड बघू कुंपणावरून," काकू म्हणाल्या. मग तिला हातात तोलून थबकल्या. "अगं बाई, ही एवढी कशी वाळली? आठवड्यात अंड्यावर आली असती. आता महिनाभर तरी अंड्याचं नाव नको."

सगळ्या कोंबड्या भुरीकडे बघू लागल्या. भुरीनं चोच मातीला पुसली.

"कात्री आली की नाही?" ती म्हणाली. "मग मी खोटं काय सांगितलं?"