हरलेल्या साधूची बाजू

इतिहासात घडली नाही, पण घडू शकली असती अशी ही गोष्ट. आफ्रिकेच्या उंच पठारावर एकदा एक राज्य होते. आपल्या प्रजेने कोणता धर्म पाळावा, असा प्रश्न तिथल्या राजाला पडला. त्याने एक ख्रिस्ती साधू आणि एक तरुण यहुदी पंडित अशा दोघांना दरबारात बोलावले, दोघांचे ऐकून घेतले आणि यहुदी धर्म स्वीकारला. साधू आल्या वाटेने परत गेला.

वर्षे लोटली. राजाचा नातू गादीवर आला. तो तरुण पंडित आता पार थकला होता. त्याला सारे आदराने अब्बा योनास म्हणत. दरवर्षी धर्मस्वीकाराच्या दिवशी अब्बा आपले जुने भाषण दरबारात पुन्हा करीत. त्यांचा शिष्य देस्ता ते ऐकतच मोठा झाला होता. पुढे ते आपल्यालाच करायचे आहे, हे त्याला ठाऊक होते.

त्या वर्षी दरबारात वेगळीच कुजबुज होती. दरीत काही ख्रिस्ती कुटुंबे अजून राहत होती. अब्बांचे भाषण संपले की त्यांना हद्दपार करण्याचा हुकूम सुटणार होता.

अब्बा उठले, आणि त्यांनी स्वतःच्या भाषणाऐवजी साधूचे भाषण सुरू केले. शब्द साधूचे, कळकळही साधूचीच. देस्ता चमकून त्यांच्याकडे पाहू लागला. दरबार मात्र भान हरपून ऐकत होता.

भाषण संपल्यावर राजाने हलकेच विचारले, "हे ऐकूनही आजोबा आपल्याकडे वळले?"

"हो, महाराज. पण निर्णय घेणं त्यांना फार जड गेलं."

राजाने हुकमाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "दरीतल्या लोकांना राहू द्या."

घरी परतताना देस्ताला राहवेना. "अब्बा, तुम्ही त्या साधूची बाजू मांडलीत. तीही इतकी सुंदर?"

"ती सुंदरच होती, बाळा. ऐकताना मी घाबरलो होतो. तुम्ही माझं एकट्याचंच ऐकत वाढलात, म्हणून तुम्हांला वाटतं, तेव्हाच्या राजापुढे दुसरी वाटच नव्हती. वाट होती आणि चांगली होती. तरी त्यांनी ही निवडली. त्या साधूला पुसून टाकलंत, तर त्यांनी काही निवडलं होतं हेच उरणार नाही. आणि खरं सांगू? त्याच्याइतकं मन लावून माझं बोलणं पुढे कोणी ऐकलं नाही. जाताना म्हणाला, माझी चार माणसं मागे राहतायत, त्यांना सांभाळ."

अंगणाच्या फाटकाशी देस्ता थांबला. मग म्हणाला, "मला तेही भाषण शिकवा."

अंगणात बसून अब्बांनी डोळे मिटले आणि ते एकेक वाक्य सांगू लागले. मध्येच ते थांबले.

"इथे तो थांबला होता. घसा कोरडा पडला होता त्याचा. मी माझ्यापुढचं पाणी त्याला दिलं."

पुढचे वाक्य अब्बांना आठवत होते. तरी ते तिथेच रेंगाळले, आणि देस्ताने त्यांना घाई केली नाही.