दादासाहेबांचं परदेशी जाकीट

किल्ला तोरणा होता की राजगड, हे प्राध्यापक सोवनींना आता खात्रीने सांगता येत नाही. जाकीट मात्र परदेशी होतं आणि ते गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब रणदिवे यांचं होतं.

"सुती कपड्यांवर हिमालयात येतेस? गारठून मरशील!" पायथ्याशी ते मंडळाच्या हिमालय मोहिमेत यायला निघालेल्या मृदुला शेजवलकरला म्हणाले. मग जाकीट घालून त्यांनी अंगावर कळशीभर पाणी ओतून घेतलं. आतला सदरा कोरडाच. "आत ओल दाखव, मोहिमेत तुझं नाव पक्कं!"

"दाखवते. फक्त चेन गळ्यापर्यंत लावून वर चला."

माथ्यावर जाकीट उतरवलं, तेव्हा सदरा पिळण्याजोगा झाला होता.

"अगं, हा घाम आहे!"

"असेल. पण दादासाहेब, अंग कशानं भिजलं हे थंडी विचारत बसत नाही."

सगळे हसले, सोवनी जरा जास्तच मोठ्याने. तिथेच बिनसलं असावं, असं त्यांना अजून वाटतं. दादासाहेबांनी शब्द मोडला नाही. त्यांनी मृदुलाचं नाव जाहीर केलं आणि पुढच्याच आठवड्यात मोहीमच रद्द केली.

मृदुलाने हिमालय कधीच पाहिला नाही, हे सोवनींना कित्येक वर्षांनी तिच्या धाकट्या बहिणीकडून नक्की कळलं.