खाटेवरचा भाऊ

एकदा एका वयोवृद्ध गुरुजींकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी शर्वरी आली. तिने मुलांसाठी टॅबवर खेळायचा एक खेळ रचला होता. खेळातल्या चिमीने पाणी भरायचे, भांडी घासायची, धाकट्याला निजवायचे आणि घंटेआधी शाळा गाठायची. पण काही केल्या तिला उशीरच होई. मग पडद्यावर सोनेरी अक्षरे उमटत : ‘मुलींना शिकू द्या.’

गुरुजींच्या गावच्या शाळेत मुले तो खेळ रंगून खेळली. शेवटचे वाक्य सर्वांनी एका सुरात म्हटले. त्यात विराजचा आवाज सर्वांत मोठा होता. त्याची बहीण कार्तिकी त्याच वर्गात होती. घरकामापायी ती रोज प्रार्थना संपल्यावर धापा टाकत येई. तिचे नाव शाळेतून काढायचे घरात घाटत होते. दुसऱ्या दिवशीही ती उशिराच आली.

शर्वरी खट्टू झाली. “गुरुजी, माझं कुठं चुकलं?”

“ते शेवटचं वाक्य पुसून टाक.”

“अहो, तेच तर खेळाचं सार आहे! ते काढलं तर उरलं काय?”

“पुसून तर बघ.”

तिने नाइलाजाने पुसले. आता चिमी हरली की खेळ नुसता थांबे. मुले चिडली. कुणी आधी भांडी घासली, कुणी आधी पाणी भरले. चिमी हरतच राहिली. अखेर विराजने पडद्याच्या कोपऱ्यात बोट टेकवले. तिथे चिमीचा थोरला भाऊ खाटेवर लोळत होता. शर्वरीने तो केवळ घर भरलेले दिसावे म्हणून काढला होता.

“ताई, हा उठत का नाही?”

“त्याला उठवायची सोय खेळात नाही.”

“का नाही?”

शर्वरीला ते सुचलेच नव्हते.

तेवढ्यात मागून कार्तिकी म्हणाली, “उठवा की त्याला.”

मग सारा वर्ग ओरडू लागला, “उठवा त्याला! उठवा त्याला!”

शर्वरीने झटून खेळ बदलला. भाऊ उठला, त्याने कळशी उचलली. चिमी धावत सुटली आणि घंटेआधी फाटकातून आत शिरली. असा जल्लोष झाला की शेजारच्या वर्गातली मुले दाराशी गोळा झाली.

त्या संध्याकाळी विराज वडिलांना म्हणाला, “पप्पा, पाणी मी भरतो, भांडी पण घासतो. कार्तिकीचं नाव शाळेतून नका काढू.” वडील म्हणाले, “बघू, किती दिवस टिकतंय ते.”

ते टिकले. महिना सरला तरी कार्तिकी वेळेवर येत होती. भिजलेल्या बाह्या झटकत विराजही तिच्यामागून येई.

व्हरांड्यात उभे राहून गुरुजी शर्वरीला म्हणाले, “तू मुलांच्या हाती उत्तर दिलंस, तेव्हा त्यांनी ते पाठ केलं आणि ती मोकळी झाली. उत्तर काढून घेतलंस, तेव्हा प्रश्न त्यांना टोचू लागला. स्वतः शोधलेलं उत्तर माणूस घरापर्यंत घेऊन जातो, पोरी.”

“आणि त्यांना ते सापडलंच नसतं तर?”

“तर पुन्हा खेळलो असतो.”

मैदानावर प्रार्थना सुरू झाली. आज ती सांगायचा मान कार्तिकीचा होता. तिचा आवाज खणखणीत लागला. शर्वरी व्हरांड्यातून उतरली आणि हात जोडून मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.