शेजाऱ्याचा रानहंस

जपानातल्या कुमोनो गावात कोणी परगावी निघाले की त्याच्या हातावर बोटाच्या पेराएवढा लोखंडी रानहंस ठेवतात. तो घरच्यांनी द्यायचा नाही, शेजाऱ्यांनीच द्यायचा. पाहुण्यांनी कारण विचारले की तळ्याकाठी राहणारे म्हातारे क्यूसाकू आधी खाली बसतात. उभ्या उभ्या सांगायची ही गोष्ट नव्हे, म्हणतात.

फार पूर्वी इथे जिनबेई नावाचा कारागीर होता. तलवारीची मूठ आणि पाते यांच्यामध्ये जी लोखंडी चकती बसते, ती घडवण्यात त्याचा हातखंडा. एकदा लढाई ठरली आणि सरदाराचा हुकूम आला, प्रत्येक चकतीवर चतुर कोरा. चतुर हा किडा पुढेच उडतो, मागे फिरत नाही. शिपायांनीही फिरू नये.

जिनबेईची बायको ओताने मात्र हबकली. त्यांचा एकुलता एक शिंताही शिपायांत होता. "अहो, मागे न फिरणारा किडा पोराच्या हाती देताय? मग तो घरी यायचा कसा?"

जिनबेईची झोप उडाली. शेवटी त्याने एकट्या शिंताच्या चकतीवर, म्यानाच्या तोंडाखाली झाकला जाईल असा, इवलासा रानहंस कोरला. रानहंस दर शरदात या तळ्यावर परत येतातच ना! हे त्याने फक्त शिंताच्या कानात सांगितले. बाकीच्यांना नुसता चतुर. हुकूम मोडला हे कळते तर डोके उडाले असते. अंमलदार तपासणीला आला तेव्हा जिनबेईची पाचावर धारण बसली होती, असे सांगतात. पण त्याने मुठी वरवर पाहिल्या आणि तो निघून गेला.

शिपाई गेले. मन चिंती ते वैरी न चिंती. अंगणात पाऊल वाजले की नवराबायको दाराकडे धावत. शरदात रानहंस तळ्यावर उतरले आणि त्यांच्यामागून थोडे शिपाईही आले. शेजारच्या विधवा ओसेनचा मुलगा योहेई जिनबेईच्या दाराशी थांबला. त्याने तलवार म्यानातून काढून पुढे धरली. चकतीवर रानहंस होता.

"काका, निघतानाच शिंताने आमच्या चकत्या बदलल्या. म्हणाला, तुझी आई एकटी आहे, तू परत ये."

ओतानेने त्याला पाय धुवायला पाणी दिले. जिनबेईला रडूही येईना. मी एकच का कोरला, एवढेच तो म्हणत राहिला. पुढे त्याने चतुर कधी कोरला नाही. मरेपर्यंत दुसऱ्यांच्या पोरांसाठी रानहंस घडवले म्हणे.

आजही पोर गावाबाहेर निघाले की आई शेजारच्या दारात जाऊन उभी राहते. तोंडाने काही मागत नाही. मागावे लागतच नाही.