बंधाऱ्याचा आवाज

"बुवा, एकच सांगा. मी विरक्त आहे की दगड?"

नरहरबुवा मठीच्या पायरीवर शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दगड कोण म्हणतं?"

"मुलगी. कुमुद जाऊन महिना झाला, पण माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणतात, वा, काय स्थितप्रज्ञ माणूस! मुलगी म्हणते, बाबा, तुम्हाला आईचं काहीच नव्हतं. बोलत नाही माझ्याशी."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी..."

प्रल्हाद गुळवे भर सभेत तास-तास गीता सांगायचा. बुवांचा लाडका शिष्य, आणि त्याचा तोराही होता त्याला. इथं मात्र तो पायरीवरची टरफलं गोळा करू लागला.

"चल, बागेत जाऊन येऊ," बुवांनी उरलेल्या शेंगा खिशात कोंबल्या.

बाग म्हणजे नदीकाठची, जुन्या दगडी बंधाऱ्याशेजारची. आमच्या गावात मुलगी पाहून झाली, पोहे खाऊन झाले, की वडीलमंडळी दोघांना तिथं पाठवायची. कारण एकच. बंधाऱ्यावरून पाणी असं काही धो धो कोसळायचं, की शेजारच्या बाकावर शब्द कळायचा नाही. बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. किती संसार तिथं ठरले, देव जाणे. छे, काय दिवस होते ते!

वाटेत प्रल्हाद एकदम हसला.

"कुमुद तेव्हा कानात काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणाली, पोहे मी नाही केलेले, वहिनीनं केलेत. बस्स, एवढंच. मी घरी येऊन होकार कळवला."

बुवा खो खो हसले.

फाटकाशी मात्र प्रल्हाद थबकला. एरवी पाण्याचा आवाज तिथपर्यंत यायचा. आज झाडांवरच्या चिमण्या ऐकू येत होत्या.

"आवाज नाही, बुवा."

"हं."

"नदी आटली वाटतं. वर पाणी अडवलं असेल मेल्यांनी." त्याचा चेहरा उतरला. "निदान तेवढा तरी कानावर पडेल म्हणून आलो होतो..."

बुवा पुढं चालत राहिले. झाडी संपली, कठडा आला.

नदी काठोकाठ भरली होती. वरच्या गावांना पावसानं झोडपलं होतं. बंधाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पाणी एकाच पातळीत, आणि बंधारा कुठं दिसेचना.

"बंधारा कुठं गेला?"

बुवांनी शेंगेचं टरफल पाण्यात टाकलं. ते सरळ निघालं, मध्यावर जरासं हिंदकळलं, आणि पुढं गेलं.

"तिथंच आहे. खाली."

"एवढं पाणी... आणि आवाज नाही?"

बुवांनी खिशातून आणखी एक शेंग काढली.

प्रल्हादनं कठडा घट्ट धरला. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. डोळे कोरडेच.

"बुवा... पोरीला काय सांगू मी?"

बुवा जवळ आले. गरज नव्हती, तरी त्यांनी त्याच्या कानाला तोंड लावलं.

"तिला आजच इथं घेऊन ये. पाणी उतरलं, की इथं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही."