हैबतीचा लाल तळवा

"आता आणखी कोणता पाला घालू, बुवा?" हैबतीने विचारले.

भीमगीर बुवा मठाच्या गोठ्यात शेण ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हैबतीने मग सगळे पहिल्यापासून सांगितले. गावात गाईंच्या कासा सुजत होत्या, दुधात गाठी पडत होत्या. बुवांनी शिकवला तसाच लेप तो करत होता. कोरफड, हळद, चुना. नासके दूध पिळून टाकायचे आणि कासेला लेप द्यायचा. गुण येत होता. शेलारांची गाय सुधारली, मग कोंडेकरांची. पण एक बरी होते न होते, तोच पुढच्या दारची गाय आजारी पडे.

"रोग मला भिऊन पुढच्या दारी पळतोय," हैबती म्हणाला. एवढ्या काळजीतही त्याची छाती जराशी फुगलीच.

"त्याला पाय आहेत का रे?"

ठकूबाई त्याच्या मागोमाग टेकडी चढून आली होती. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. तिची एकच गाय, आणि घर चालायचे ते तिच्यावरच. गाय चांगली धडधाकट होती. कोंडेकरांकडून परतताना हैबती आपणहून तिच्या दारी थांबला होता, कास चाचपून आधीच लेप लावून ठेवतो म्हणाला होता. आता त्या कासेचा एक सड दगडासारखा झाला होता. तो गेला तर गेला, पण उरलेल्या तीन सडांचे काय, एवढेच तिला विचारायचे होते.

"हातगुणाचं ऐकून होते, वैद्यबुवा," ती हैबतीला म्हणाली. "पायगुण आत्ता कळला."

हैबतीला ते लागले. त्याने आपल्या तळव्याकडे पाहिले. हळदीला चुना लागला की लाल रंग चढतो. तो रंग तो धूत नसे. या दारातून त्या दारात तसाच जाई. तळवा दिसला की लोक वाट देत, बायका पदर सावरून हात जोडत.

बुवांनी खोरे ठेवले. हात धुतले. आतून अर्धी भाकरी आणली आणि हैबतीच्या त्या लाल तळव्यावर ठेवली.

"खा. सकाळपासून उपाशी असशील."

"हात धुऊन येतो."

"कशाला?"

"हिच्या गाईची कास पिळून तसाच आलोय, बुवा. नासकं दूध हाताला..."

तो थांबला.

...

भाकरी हातातच राहिली. शेलारांचे दार, कोंडेकरांचे दार, मग ठकूबाईचे... तो मनातल्या मनात एकेका दारातून फिरून आला. गोठ्यात एक गाय रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

भाकरी बाजूला ठेवून तो हात धुण्याच्या दगडापाशी गेला. रिठ्याचा फेस करून कोपरापर्यंत हात चोळले. लाल रंग लवकर निघेना. तो चोळत राहिला.

मग तो ठकूबाईपुढे येऊन उभा राहिला.

"आक्का, येऊ का तुमच्या गाईकडे?"

तिने आधी त्याचे हात पाहिले, मग तोंड. ती उठली आणि उतरणीला लागली.

हैबती दोन पावले जाऊन वळला.

"लेप कोणता देऊ, बुवा?"

"तोच."

"बरोबर आणखी काय नेऊ?"

बुवा पुन्हा शेणाकडे वाकले होते.

"काही नको. या खेपेला एकटा जा."